वस्तूवर चाललेले खटले

अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांचे निकाल चाळताना काही खटल्यांच्या नावांपाशी माणूस थबकतो. ‘अमेरिका विरुद्ध १,२४,७०० डॉलर’ (२००६). ‘अमेरिका विरुद्ध सुमारे ६४,६९५ पौंड शार्कचे पर’ (२००८). इथे प्रतिवादी माणूस नाही, वस्तू आहे. पहिल्या खटल्यातली रोकड नेब्रास्कात एका भाड्याच्या मोटारीत, बर्फाच्या पेटीत सापडली. मोटारीत अमली पदार्थ मिळाले नाहीत, तरी पैसे सरकारजमा झाले. शार्कचे पर मात्र सुटले.

आपल्याकडे बोलताना ‘जप्ती’ आणि ‘सरकारजमा’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. जप्तीत वस्तूचा ताबा जातो, सरकारजमा झाली की मालकीच जाते. पुढची सगळी कथा या दोहोंमधल्या अंतराची आहे.

तिचे मूळ इंग्लंडमधल्या एका जुन्या प्रथेशी जोडले जाते. ज्या वस्तूमुळे माणूस मेला ती राजाची होई. लॅटिनमधल्या ‘देवाला द्यायचे’ या शब्दांवरून तिला ‘डिओडँड’ म्हणत. बैल असो, गाडीचे चाक असो की होडी, मृत्यूची चौकशी करणारे पंच तिची किंमत ठरवत आणि मालक ती भरे. पंच शेजारपाजारचेच, त्यामुळे किंमत बहुधा किरकोळ लागे. रेल्वे आली आणि हिशेब बदलला. २४ डिसेंबर १८४१ रोजी सॉनिंगजवळ दरड कोसळलेल्या रुळांवर गाडी आदळली, मजूर वर्गातले प्रवासी मेले, आणि पंचांनी इंजिन व डब्यांवर १००० पौंड लावले. आता मालक म्हणजे शेजारचा गाडीवान नव्हता, कंपनी होती. १८४६ मध्ये पार्लमेंटने ही प्रथा रद्द केली. बैलाच्या काळात शतकानुशतके कुणाला न खुपलेली गोष्ट इंजिनाच्या काळात पाच वर्षांत गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अमेरिकेने मात्र याच विचाराची दुसरी शाखा जपली, ती बंदरातली. बोस्टनच्या जॉन हॅनकॉक यांचे ‘लिबर्टी’ हे जहाज इंग्रज जकात अधिकाऱ्यांनी १७६८ मध्ये धरले तेव्हा शहरात दंगल उसळली होती. तरीही स्वतंत्र अमेरिकेच्या पहिल्याच काँग्रेसने १७८९ च्या जकात कायद्यात जहाज आणि माल सरकारजमा करण्याची तरतूद घातली. कारण व्यवहारी होते. जकात चुकवणारे जहाज धक्क्याला लागलेले असे, मालक समुद्रापलीकडे. त्याला समन्स कोण बजावणार? म्हणून खटला जहाजावर. १८२७ च्या ‘पाल्मिरा’ खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी हे तत्त्व पक्के केले: गुन्हेगार म्हणून वस्तूकडेच पाहायचे, मालकाला आधी दोषी ठरवण्याची गरज नाही. ते जहाज मालकाला परत मिळाले. तत्त्व मात्र राहिले.

पुढे ते जहाजावरून मोटारीत आले. मिशिगनमध्ये नवऱ्याने मोटारीत वेश्यागमन केले आणि मोटार सरकारजमा झाली. बायको निम्म्या हिश्श्याची मालकीण, तिला काही ठाऊक नव्हते. मोटार ६०० डॉलरची. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तिचा दावा फेटाळला. इथे मालक समुद्रापलीकडे नव्हता, न्यायालयातच उभा होता. तर्क बंदरातला, उपयोग रस्त्यावरचा, अशी ही विसंगती.

माझ्या मते खरे वळण न्यायालयाने नव्हे, हिशेबाने दिले. १९८४ च्या कायद्याने सरकारजमा मालमत्तेसाठी वेगळा निधी उभा केला आणि संघीय यंत्रणेला साथ देणाऱ्या स्थानिक पोलिसांना त्यातला ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू लागला. वस्तू धरणारा हात आणि तिच्यातून भरणारा खिसा एकाच अंगरख्याचा झाला.

ओरड झाली तेव्हा २००० मध्ये हेन्री हाइड यांच्या पुढाकाराने कायदा सुधारला. पुराव्याचा भार सरकारवर आला, निर्दोष मालकाला बचाव मिळाला. पण तो पुरावा दिवाणी दाव्याइतका, म्हणजे पारडे जरासे झुकले की पुरे. गरीब असलात तरी राहते घर पणाला लागल्याशिवाय सरकारी वकील मिळणे कठीणच. मोटारीपेक्षा वकील महाग पडत असेल तर मालक मोटार सोडून देतो. न्यू मेक्सिको राज्याने २०१५ मध्ये अशी दिवाणी कारवाईच बंद केली.

२०१९ मध्ये इंडियानातला खटला आला. काही शे डॉलरचे हेरॉइन विकणाऱ्याची सुमारे ४२,००० डॉलरची मोटार धरली होती. ती त्याने वडिलांच्या विम्याच्या पैशातून घेतली होती. गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड १०,००० डॉलर. अतिरेकी दंडावरची घटनेतली बंदी राज्यांनाही लागू आहे, असे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी एकमुखी निकालात लिहिले. मोटार २०२० मध्ये परत मिळाली, धरल्यापासून सात वर्षांनी.

पाच वर्षांनी प्रश्न याच वेळेचा आला. अलाबामात दोन बायकांच्या मोटारी दुसऱ्यांनी नेल्या होत्या आणि अमली पदार्थांपायी पकडल्या गेल्या. निर्दोष म्हणून त्या परत मिळाल्या, पण वर्षाहून अधिक काळाने. तोवर मोटार कुणाकडे राहावी, यावर आधी वेगळी सुनावणी हवी, एवढीच त्यांची मागणी होती. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा विरुद्ध तीन मतांनी नाकारली: मुख्य सुनावणी वेळेत झाली म्हणजे घटनेची अट पुरी होते. निकालाशी सहमत असूनही न्यायमूर्ती गोरसच यांनी स्वतंत्र मत जोडले. जकातीच्या जहाजांसाठी घडलेली ही पद्धत आजच्या मोटारींना मुळात लागू होते का, हे त्यांनी पुढच्या खटल्यासाठी मोकळे ठेवले आहे.