दंतवैद्याची भीती आणि भुलीचा इतिहास

रात्रभर दाढ ठणकते, सकाळी गाल सुजलेला असतो, तरीही दवाखान्याची पायरी चढण्याचे धैर्य होत नाही, अशी माणसे भारताच्या प्रत्येक प्रांतात आढळतात. त्यांना भित्रे म्हणून हसण्याचा प्रघात आहे. इतिहास मात्र त्यांच्या बाजूने साक्ष देतो. शतकानुशतके ही भीती अनुभवातून आलेली आणि सर्वस्वी रास्त होती. तिचे कारण कसे दूर झाले, आणि कारण सरल्यावरही उरलेली भीती आज कोणती हानी करते, हे पाहण्यासारखे आहे.

सुश्रुतसंहितेतील शस्त्रांच्या यादीत दंतशंकू आहे. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास अन्न द्यावे, मद्य घेणाऱ्यास तीक्ष्ण मद्य द्यावे, म्हणजे त्याला शस्त्राची जाणीव होणार नाही, असा उपदेशही त्या ग्रंथात आहे. परंतु ज्या व्याधींत शस्त्रकर्म उपाशीपोटी करावे असे सांगितले आहे, त्यांत मुखरोगांचा समावेश होतो. म्हणजे त्या काळी जो थोडाफार दिलासा उपलब्ध होता, तोही तोंडाच्या रुग्णाच्या वाट्याला पुरता येत नसे. पुढेही दीर्घकाळ, केवळ आपल्याकडेच नव्हे तर युरोपातही, दात काढणे हे बाजारातले काम राहिले. चिमटा आणि मनगटातील जोर एवढीच त्याची साधने होती.

हे चित्र पालटण्याचा पहिला प्रयत्न दंतवैद्यांनीच केला, हे विशेष. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बोस्टनच्या रुग्णालयात ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी केला. मार्च १८४७ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातही ईथर वापरले गेले. मात्र एका दाढेसाठी संपूर्ण शुद्ध हरपणे जोखमीचे होते. गरज होती ती तेवढाच भाग बधिर करणाऱ्या औषधाची.

१८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचा हा गुण डोळ्याच्या शस्त्रक्रियेत दाखवला. त्यानंतर अल्पावधीतच न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून जबड्याची ती बाजू बधिर केली. स्वतःवर केलेल्या या प्रयोगांपायी हॉल्स्टेड कोकेनच्या व्यसनात अडकले. १९०५ मध्ये व्यसन न लावणारे नोव्होकेन वापरात आले. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफ्ग्रेन यांनी लिडोकेन तयार केले, आणि १९४८ मध्ये ते बाजारात आले. आपल्या दवाखान्यांत आज ज्याला लिग्नोकेन म्हणतात ते हेच.

औषध आले, तरी ते टोचणारा शिक्षित हात हवा. अमेरिकेत दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात भारतातील पहिले दंतमहाविद्यालय स्थापन केले. सुरुवातीचा पैसा त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या आपल्याच दुकानाच्या उत्पन्नातून उभा केला. १९४९ मध्ये ही संस्था त्यांनी पश्चिम बंगाल सरकारच्या हवाली केली. तत्पूर्वी १९४८ मध्ये, म्हणजे लिडोकेन बाजारात आले त्याच वर्षी, दंतवैद्य कायदा संमत झाला आणि हा व्यवसाय नोंदणीच्या शिस्तीत आला.

याचा अर्थ असा, की भीतीचे जुने कारण दूर होऊन पाऊणशे वर्षे लोटली आहेत. भीती मात्र घराघरांतून, आजोबांच्या आठवणींतून, पुढच्या पिढीकडे जात राहिली. तिचे खरे संकट वेगळेच आहे. भीतीपोटी माणूस थांबतो; थांबल्याने कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचते आणि मुळाशी पू होतो. सुजलेल्या, पू झालेल्या जागी ऊती अधिक आम्लधर्मी होतात, आणि अशा ऊतींत लिग्नोकेन नीट काम करीत नाही. मग उशिरा आलेल्या रुग्णाला खरोखरच दुखते, आणि ‘मला ठाऊकच होते’ असे म्हणत तो पुन्हा काही वर्षे फिरकत नाही. भीती अशा रीतीने स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण करते.

हे चक्र तोडता येते. खालच्या दाढेसाठी दंतवैद्य सुजेपासून दूर, मूळ मज्जातंतूजवळ भूल देतात. हॉल्स्टेडचेच ते तंत्र. म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वीच ‘मला भीती वाटते’ असे स्पष्ट सांगावे, हात वर केल्यावर थांबण्याचा संकेत ठरवावा, आणि पुरेसे बधिर झाल्याची खात्री झाल्यावाचून काम सुरू करू देऊ नये. भीती फारच तीव्र असेल, तर गुंगी देऊन किंवा पूर्ण भुलीखाली उपचार करण्याची सोय असलेली रुग्णालये आहेत. केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी सूज काही काळ उतरते, पण दातातील मूळ कारण तसेच राहते.

एका परिस्थितीत मात्र एक रात्रही थांबू नये. जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सूज पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडणे, गिळणे वा श्वास घेणे जड जात असेल, तर तडक मोठे रुग्णालय गाठावे. जबड्याखालची अशी सूज श्वासमार्ग बंद करू शकते. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या हाती ना भूल होती ना प्रतिजैविके. आपल्या हाती दोन्ही आहेत. फक्त वेळेत पोहोचणे रुग्णाकडे उरते.