अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश का चालत नाही?

नंदुरबारहून तापीकाठच्या रेल्वेने जळगावला उतरावे, पुढे बसने सुमारे साठ किलोमीटर जावे, चपला काढून अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरावे आणि मोबाईल वर करताच पहारेकऱ्याचा आवाज यावा : "फ्लॅश बंद!" आपल्याकडील बहुतेक प्रवाशांना हा अनुभव परिचित असेल.

या निर्बंधामागचा इतिहास मोबाईलहून बराच जुना आहे, आणि त्यातील पहिले दोषी पर्यटक नव्हेत.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल यांना येथील चित्रांच्या प्रतिकृती करण्यास नेमले. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेली बहुतेक तैलचित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाली. मग जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांसह पुन्हा त्याच कामाला लागले. १८८५ च्या आगीत त्यांच्याही अनेक प्रतिकृती गेल्या. दैवाची ही पुनरुक्ती विलक्षण खरी. पण त्याहून मोठी हानी लेण्यांतच झाली होती.

अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात त्यांवर वार्निश चढवले गेले. कालांतराने ते पिवळे, काळपट झाले आणि सोलताना रंगाचे पापुद्रेही ओढू लागले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी डागडुजीसाठी वापरलेली लाखही पुढे पिवळसर पडली.

आता १९५९ चे प्राचीन स्मारकांविषयीचे नियम वाचा. स्मारकाची प्रत करणाऱ्याने कॅमेऱ्याचा स्टँड, स्टूल, टेबल आत आणू नये. परात उभारू नये. पाणी, तेल, ग्रीस लावू नये. भिंतीवर कागद ठेवून थेट ठसा घेऊ नये. एकेक कलम वाचताना एकोणिसाव्या शतकातील तो सारा खटाटोप डोळ्यांपुढे उभा राहतो. गंमत अशी की, त्या नियमांत कृत्रिम प्रकाशाला मनाई होती, परंतु कॅमेऱ्याच्या उघडझापेशी जुळवलेल्या फ्लॅशला मात्र सूट होती! अजिंठ्याच्या चित्रांपुढे आज तीही उरलेली नाही.

एका फ्लॅशने पद्मपाणी फिका पडत नाही, हे मान्य करावे. वार्निशाने केले त्याच्या पासंगालाही ते पुरणार नाही. परंतु प्रकाशाने रंगाची होणारी झीज साठत जाते, भरून येत नाही. आणि दिवसभर अखंड लोटणाऱ्या गर्दीत 'माझा एकच फोटो' असे काही नसते.

गिल यांनी पुढे कुंचल्याऐवजी कॅमेरा हाती घेतला. त्यांची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. ते १८७९ साली वारले. जळगावला न उतरता त्याच गाडीने पुढे गेलात, तर भुसावळला त्यांची कबर आहे.