दोन हजारांच्या आतला इअरफोन: आपल्या कानाला आवडणारा आवाज कसा ओळखायचा?

'दोन हजारांत चांगला इअरफोन कोणता?' असं मित्रांच्या ग्रुपवर विचारून बघा. पाच जण पाच नावं सांगतील आणि पाचही जण खरं बोलत असतील. कारण यात 'चांगला' म्हणजे काय, हे प्रत्येकाच्या कानावर ठरतं.

आवडीला शब्द कसे द्यायचे?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक आठवा. ढोलाचा छातीत बसणारा ठोका म्हणजे बेस, साधारण २५० हर्ट्झच्या खालचा भाग. ताशाची तडतड आणि झांजेची किणकिण वरच्या पट्टीत, म्हणजे ट्रेबलमध्ये जास्त जाणवते. मधल्या भागाला मिड्स म्हणतात. गायकाचा गळा, पेटी, सतार, बातम्या आणि पॉडकास्ट यांचा मुख्य मुक्काम तिथेच असतो.

स्वस्त इअरफोनमध्ये बेस आणि ट्रेबल वाढवून मिड्स मागे ठेवण्याची पद्धत जुनी आहे. याला 'व्ही-शेप' म्हणतात. 'झिंगाट'ला त्यावर मजा येते, पण अभंग लावला की गायक शेजारच्या खोलीतून गातोय असं वाटतं. तुम्ही जास्त काय ऐकता, हे आधी प्रामाणिकपणे ठरवा. डीजे मिक्स ऐकणाऱ्याने उगाच 'न्यूट्रल' आवाजाच्या मागे लागू नये, त्याला तो फिकाच लागणार.

ग्राफ कुठे मिळतो, कसा वाचायचा?

अनेक रिव्ह्यूअर इअरफोन मोजून त्याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स ग्राफ इंटरनेटवर फुकट देतात. 'क्रिनॅकल' या टोपणनावाच्या सिंगापूरच्या रिव्ह्यूअरचा संग्रह सर्वांत प्रसिद्ध आहे. डावीकडे बेस, उजवीकडे ट्रेबल. रेषा जिथे वर, तिथे आवाज मोठा.

३,००० हर्ट्झच्या आसपास मात्र रेषेला एक उंचवटा दिसतो. तो दोष नाही. आपल्या कानाची नळी आणि पाळी मिळून तो भाग नैसर्गिकरीत्याच मोठा करतात. इअरफोन थेट नळीत बसल्यामुळे कानाची ही मदत बरीचशी हुकते, म्हणून ती आवाजातच भरून द्यावी लागते. ८,००० हर्ट्झच्या पुढच्या रेषेवर फार विसंबू नका, तिथली मोजणी यंत्रागणिक आणि कानागणिक बदलते.

ग्राफवर बऱ्याचदा 'हरमन टार्गेट' नावाची दुसरी रेषा असते. हरमन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून त्यांची पसंती तपासली. त्यातून ही रेषा आली. बहुतेकांना तिच्या जवळचा आवाज आवडला. काहींना मात्र तिच्याहून जास्त बेस हवा होता, काहींना कमी. तुम्ही यातल्या कोणत्या गटात, हे कळलं की अर्धी खरेदी झाली. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सध्याच्या इअरफोनचा ग्राफ शोधा, त्यात काय खटकतं ते लिहा आणि नव्याचा ग्राफ त्यावर ठेवून बघा. दोन्ही ग्राफ एकाच रिव्ह्यूअरचे हवेत, नाहीतर तुलना फसते.

मग घ्यायचं काय?

गेल्या काही वर्षांत मूनड्रॉप, केझेड, सेव्हनहर्ट्झ, ट्रुथइअर अशा चिनी कंपन्यांनी स्वस्त वायरवाल्या इअरफोनची पातळी खूप वर नेली. मूनड्रॉपचा 'चू' आणि सेव्हनहर्ट्झचा 'सॉल्नोट्स झिरो' हे दोन्ही २०२२चे. गाण्यातला गळा स्पष्ट ऐकायचा असेल तर सुरुवात अशा मॉडेलपासून करा. त्याहून थोडा जास्त बेस हवा असेल तर 'झिरो टू' बघा. खोक्यावरचे '१० मिमी ड्रायव्हर' किंवा 'पाच ड्रायव्हर' हे आकडे आवाजाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

वायरलेस का नाही? सोयीसाठी जरूर घ्या. पण त्याच पैशांत बॅटरी, ब्लूटूथ चिप आणि चार्जिंगची डबीही येते, त्यामुळे आवाजावर खर्च कमी होतो. फोनला जॅक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागेल. तो घेताना 'आत डॅक आहे का' हे विचाराच, कारण डॅक नसलेले अडॅप्टर काही फोनवर चालतच नाहीत.

नवा इअरफोन पिचका वाजतोय?

आधी रबरी टिप बदला. टिप सैल असेल तर बेस अक्षरशः बाहेर गळतो. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टिप येतात. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळा आकार लागू शकतो, त्यात विचित्र काही नाही. तरीही खटकलं तर इक्वलायझर वापरा. अँड्रॉइडवरच्या 'वेव्हलेट' अ‍ॅपमध्ये अनेक मॉडेल्ससाठी तयार सेटिंग आहे. बेस कमी वाटत असेल तर तो वाढवण्याआधी बाकीचा आवाज दोन-तीन डेसिबल खाली घ्या, म्हणजे गाणं फाटणार नाही.

टिप नीट बसली की बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि लोकलमध्येही व्हॉल्यूम कमी ठेवून चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज आणखी ३ डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते.