सनमायकाच्या कपाटाचा रंग बदलायचाय? आधी घासा, मग रंगाचा डबा उघडा

लग्नात आलेलं कपाट दहा-बारा वर्षांत जुनाट दिसायला लागतं. आतला प्लाय शाबूत असतो, बिजागऱ्या नीट चालतात, पण वरचा रंग खिडकीच्या बाजूने विटलेला असतो आणि मुठीजवळ हात लागून काळा पडलेला असतो. घरात कार्य निघालं की नवं घ्यायचं का, हा विषय हमखास निघतो. बहुतेक वेळा गरज नसते. रंग घरच्या घरी बदलता येतो. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सनमायका म्हणजे लाकूड नव्हे.

लाकूड रंग पितं, पॉलिश पितं. सनमायका काहीच पीत नाही. कागदाचे थर राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन तो पत्रा तयार होतो. वर नक्षीचा कागद आणि त्यावर मेलामाइनचा कडक थर. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत असा पत्रा निघाला तो विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरायला. अभ्रक म्हणजे इंग्रजीत मायका. त्यावरून फॉर्मायका हे नाव पडलं, आणि आपल्याकडे सनमायका हे कंपनीचं नाव सगळ्याच पत्र्यांना चिकटलं. विजेपासून बचाव करणारी, तेल-पाणी आत न घेणारी ही वस्तू तुमचा रंग तरी कशाला आत घेईल? म्हणून लाकडाचं पॉलिश, व्हार्निश, 'वूड फिनिश' यावर पैसे घालू नका. रंग टिकतो तो फक्त घासून खरबरीत केलेल्या आणि तेलकटपणा काढलेल्या पृष्ठभागावर.

आधी ओळखा, कपाट कशाचं आहे

पल्ल्याची कड किंवा बिजागरीचं भोक बघा. आत लाकडाचे थर दिसले आणि वर जाडसर पत्रा असेल तर तो प्लायवरचा सनमायका, रंगवायला सगळ्यात चांगला. आत भुसा दाबल्यासारखं दिसलं तर तो तयार बोर्ड. त्याच्यावरचा छापील थर फार पातळ असतो, म्हणून हलक्या हाताने घासायचं. थर फाटून भुसा उघडा पडला की पाणी लागताच बोर्ड फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. तिसरा प्रकार किचन ट्रॉलीच्या दारांवर दिसतो. त्यावर प्लास्टिकचं कातडं चढवलेलं असतं. ते कडेने सुटलं असेल तर त्यावर रंग लावू नका, रंग कातड्यासकट निघेल. केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून ते पूर्ण सोलून काढा आणि खालचा बोर्ड रंगवा.

रंगवायचं असेल तर

मुठी, कड्या काढा. पल्ले उतरवता आले तर उत्तम, दोन स्टुलांवर आडवे ठेवले की रंगाचे ओघळ येत नाहीत. कुठला पल्ला कुठला, ते आतून पेन्सिलने लिहून ठेवा. दोन्ही सारखे वाटतात, पण भोकं जुळत नाहीत तेव्हा कळतं.

घासण्याच्या आधी धुवायचं, नंतर नाही. आधी घासलं तर तेल पृष्ठभागात आणखी रगडलं जातं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा भांड्याचं लिक्विड टाका, फडकं घट्ट पिळून पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. दिवाणाच्या पाठीला डोक्याचं तेल असतं, ट्रॉलीला फोडणीचं. तिथे जास्त वेळ द्या. वाळल्यावर १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. तोंडाला रुमाल बांधा. ओरखडे, खड्डे लांबी भरून सपाट करा आणि धूळ पुसून घ्या.

खरा घोळ प्रायमरवर होतो. भिंतीचा प्रायमर इथे चालत नाही, साधा लाकडाचा प्रायमरही भरवशाचा नाही. दुकानदाराला 'सनमायकावर, टाइलवर धरणारा' असा प्रायमर मागा आणि डब्यावर तसं लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा. आमच्या घरी शोकेसला घाईत, न घासता, भिंतीचा उरलेला प्रायमर आणि वर ऑइल पेंट मारला होता. महिन्याभरात मुठीजवळचा रंग सापाच्या कातीसारखा निघाला. तो खरवडून काढायला रंगवण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

म्हणून आधी पल्ल्याच्या आतल्या बाजूला वीतभर जागा घासा, प्रायमर लावा आणि एक दिवस थांबा. मग त्यावर ब्लेडने बारीक चौकटी ओढा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला प्रायमर आला तर पुढे जाऊ नका: घासणं कमी पडलं किंवा प्रायमर चुकीचा आहे. पट्टी कोरी आली की काम सुरू करा.

रंग इनॅमल घ्या. ब्रशपेक्षा छोट्या फोम रोलरने सारखा बसतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या, मध्ये २४ तास सोडा आणि ४०० नंबरच्या कागदाने हलकं घासा. चकचकीत रंगात प्रत्येक उंचवटा दिसतो, सॅटिन किंवा मॅटमध्ये झाकला जातो. ऑइलचा पांढरा इनॅमल काही वर्षांत पिवळा पडतो, अंधाऱ्या खोलीत तर लवकर. पांढराच हवा असेल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल बघा. त्यात टर्पेंटाइन घालायचं नाही.

भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून मापाचा हिशेब धरा. कपाट ६ फूट उंच, ३ फूट रुंद, दीड फूट खोल असेल तर समोरचा भाग १८ चौरस फूट, दोन्ही बाजू मिळून १८, एकूण ३६. दोन हातांना ७२ चौरस फूट झाले. एक लिटर रंग आणि अर्धा लिटर प्रायमर पुरतो. चार लिटरचा डबा कोणी गळ्यात मारू नये.

स्टिकर स्वस्त, पण माप बघून

सगळ्यात कमी खटाटोप चिकट प्लास्टिक रोलचा. इथे उलट नियम: घासायचं नाही, गुळगुळीत पृष्ठभागच हवा, फक्त तेल काढा. मागचा कागद एकदम सोलू नका. वीतभर सोला आणि जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून मधून कडेकडे दाबत जा. फुगा राहिला तर सुईने टोचा. रोल बहुधा ४५ सेंटिमीटर रुंद मिळतो, म्हणजे पावणेअठरा इंच. दीड फुटी पल्ल्याला तो पाव इंच कमी पडतो! कड आतल्या बाजूला वळवायची असते, म्हणून ६० सेंटिमीटरचाच मागा. गॅसजवळच्या दारांना मात्र स्टिकर नको.

जुन्यावर नवा सनमायका चिकटवता येतो, पण ते सुताराचं काम. एक पत्रा ८ बाय ४, म्हणजे ३२ चौरस फूट. ३६ च्या कपाटाला तो पुरत नाही, फक्त समोरचे पल्ले करायचे तर भरपूर होतो.

तालुका बघून दिवस धरा

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथे आणि त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात आषाढ-श्रावणात रंग काढूच नका. दमट हवेत वाळणं लांबतं आणि चकाकी मरते. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा पहाटे-रात्री नाही, दुपारी रंगवा. येवला, नांदगावकडे उन्हाळ्यात धुळीची वावटळ उठते, ओल्या रंगावर ती कायमची बसते. दसरा ते दिवाळी हे दिवस बहुतेक ठिकाणी जमतात.

घरात लहान मूल असेल तर शिसे नसलेला रंग घ्या. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. सुटा, बिनलेबलचा किंवा जुना पडून राहिलेला डबा नको. धान्य, मसाला ठेवायच्या खणांना आतून रंग देऊ नका. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइनचं काम दारं-खिडक्या उघडून, चूल आणि गॅसपासून लांब. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.

रंग हाताला वाळलेला लागला तरी पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर ओलं फडकं मारू नका, वर बॅगा चढवू नका, आणि पहिले काही दिवस पल्ले किलकिले ठेवा. घट्ट लावले तर चौकटीला चिकटतात.