पंडिता रमाबाईंचा सब्र

शाळेच्या पुस्तकात पंडिता रमाबाई दोन ओळींत संपतात: संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढलं. त्यापुढे चर्चा गेलीच तर धर्मांतरावर येऊन अडकते. त्यांनी सोसलेल्या दुःखाकडे आणि त्याचं त्यांनी काय केलं याकडे फारसं कुणी पाहत नाही.

त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं फिरत राहिलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायपीट करत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी लग्न झालं. 1882 मध्ये पटकीने तेही गेले. रमाबाईंचं वय 23, कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा.

एवढी मरणं पाहिल्यावर माणूस विचारतोच, हे माझ्याच वाट्याला का? 1883 मध्ये इंग्लंडला गेलेल्या रमाबाईंनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती नन कशा सांभाळतात ते पाहिलं. हे बळ कुठून येतं, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण धर्मगुरूंचं सगळं ऐकलं नाही. त्रैक्याबद्दल आणि येशूच्या ईश्वरत्वाबद्दल पत्रांतून रोखठोक प्रश्न विचारत राहिल्या.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला गेलं. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. तो आक्षेपही इतिहासाचाच भाग आहे.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मुंबई-पुण्यात प्लेग, मध्य प्रांतात उपासमार. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. मुली लिहायला, विणायला, छापखाना चालवायला शिकल्या. दुष्काळात आपलं काय झालं होतं हे त्यांना आठवत होतं. 'माझ्याच वाट्याला का' याचं उत्तर त्यांना मिळालं असेल-नसेल, पण आपल्या दुःखामुळे दुसऱ्याचं दुःख त्यांना ओळखू आलं.

आपण हजरत ईसा (अ.) यांना पैगंबर मानतो, त्यांना सुळावर चढवलं गेलं असं मानत नाही. ख्रिस्ती माणसाला मात्र त्या सुळातच देव आपल्या वेदनेत सामील झालेला दिसतो. हा फरक पुसायची गरज नाही. पण वाळवंटात लेकरासाठी सफा-मरवाच्या मध्ये सात वेळा धावणाऱ्या बीबी हाजरा आपल्याही आहेत. त्यांचा अल्लाहवर पूर्ण भरवसा होता, तरी पाय थांबले नाहीत. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असतं, तर हज आणि उमऱ्यात सई कशाला असती?

1921 मध्ये मनोरमाही गेली. ऐकू येणं कमी झालेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचं काम करत राहिल्या, ते पुरं केलं आणि एप्रिल 1922 मध्ये गेल्या.

आपल्या मोहल्ल्यात कुणाचा नवरा जातो तेव्हा 'सब्र करो' म्हणणारे खूप येतात. चार महिने दहा दिवसांची इद्दत संपल्यावर तिच्या घरभाड्याचं आणि मुलांच्या फीचं विचारायला किती येतात? अंधेरीत आपल्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती गावठाणं आहेत. त्यांचा धर्म त्यांना, आपला आपल्याला. पण हा प्रश्न रमाबाईंकडून उसना घ्यायला काय हरकत आहे?