‘गेट’ : शत्रूच्या मुलखातून आलेले क्रियापद

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाची ज्या शब्दांशी पहिल्या वर्षीच गाठ पडते, त्यांत ‘गेट’ हा एक शब्द आहे. वाड्याच्या फाटकाला आपण ‘गेट’ म्हणतो, तो नव्हे. तो शब्द निराळा आणि इंग्रजीत त्याची अक्षरेही निराळी. मराठीत लिहिताना मात्र दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. आज बोलायचे आहे ते ‘मिळणे, मिळवणे’ या अर्थाच्या ‘गेट’विषयी.

शब्द दिसायला केवढा गरीब! रोमन लिपीतली अवघी तीन अक्षरे. पण मुलगा पुस्तक वाचू लागतो आणि गोंधळतो. पत्र मिळाले, तिथे ‘गेट’. सकाळी उठला, तिथे ‘गेट अप’. अंधार पडू लागला, तिथे ‘गेट’. स्टेशनावर पोचला, तिथे ‘गेट’. केस कापून घेतले, तिथेही ‘गेट’. आणि ‘मला गेलंच पाहिजे’ असे म्हणायचे झाले, तरी पुन्हा ‘हॅव गॉट टु’ आहेच. पोर विचारते, “गुरुजी, या शब्दाचा नक्की अर्थ तरी काय?” आणि गुरुजी म्हणतात, “बाबा, पाठ कर.”

२००० साली महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हा हा प्रश्न आता खेड्यापाड्यांतल्या लहानग्यांपर्यंत जाऊन पोचला आहे. पाठांतराला माझा विरोध नाही. पण शब्दाचा इतिहास ठाऊक असला, तर पाठांतराचे ओझे हलके होते. शिवाय, इंग्रजी ही काही साहेबाच्या घरी सोन्याच्या पाळण्यात जन्मलेली भाषा नव्हे, हेही ध्यानात येते.

त्यासाठी बाराशे वर्षे मागे गेले पाहिजे. त्या काळच्या इंग्लंडात अँग्लो-सॅक्सन लोकांची लहान लहान राज्ये होती. माणसे शेती करीत, मेंढरे पाळीत. त्यांच्या भाषेला आज ‘जुनी इंग्रजी’ म्हणतात. गंमत अशी, की या जुन्या इंग्रजीत ‘गेट’ हा सुटा शब्द जवळजवळ नव्हताच! त्याचे भाऊबंद होते. पण ते नेहमी पुढे एखादा उपसर्ग घेऊनच येत. ‘बेयिएतन’ म्हणजे मिळवणे, ‘ऑनयिएतन’ म्हणजे समजणे, ‘फॉरयिएतन’ म्हणजे विसरणे. आणि उच्चार पाहा: ‘ग’ नाही, ‘य’ आहे. मग आजचा खणखणीत ‘ग’ आला कोठून?

तो समुद्रावरून आला. इ. स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिस्फार्न बेटावरच्या मठावर गलबतांतून आलेल्या चाच्यांनी धाड घातली. मठ लुटला, साधू मारले. हे उत्तरेकडून आलेले व्हायकिंग लोक. पुढे सत्तर-बहात्तर वर्षे अशा धाडी पडत राहिल्या, आणि ८६५ साली तर मोठी फौजच येऊन उतरली. दुसऱ्याच वर्षी तिने यॉर्क शहर घेतले. शेवटी ८७८ साली आल्फ्रेड राजाने एडिंग्टनच्या लढाईत त्यांचा पराभव केला आणि तह झाला. पण इंग्लंडचा पूर्व आणि उत्तर भाग त्यांच्याच हाती राहिला. त्या मुलखाला पुढे ‘डेनलॉ’, म्हणजे डेन लोकांचा कायदा चालणारा प्रदेश, असे नाव पडले.

आता आपल्या शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती लढाईतली नाही, शेतातली आहे. त्या काळची अँग्लो-सॅक्सन बखर ८७६ सालाखाली अशी नोंद करते, की हाफडान नावाच्या सरदाराने नॉर्थंब्रियाची जमीन आपल्या लोकांत वाटून दिली आणि ते नांगरट करून पोट भरू लागले. म्हणजे कालचा धाडेकरी आज बांधाला बांध लावून शेजारी झाला. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘बी’ येते अशी डर्बी, ग्रिम्स्बी, व्हिट्बी ही गावे त्याच वसाहतीची खूण आहेत. त्यांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे गाव. ‘थॉर्प’ म्हणजे आपली वाडी.

नांगर हाती धरलेल्या माणसाला शेजाऱ्याशी बोलावेच लागते. बैल अडला, बी कमी पडले, मुलीचे लग्न ठरले, बोलल्यावाचून चालत नाही. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. आपल्याकडे वऱ्हाडातला माणूस आणि तळकोकणातला माणूस भेटले, तर थोडे अडखळत का होईना, एकमेकांचे समजून घेतात. तसाच तो प्रकार होता. पाहुण्यांच्या भाषेत ‘गेता’ असे क्रियापद होते. हस्तगत करणे, मिळवणे, मूल होणे असे त्याचे अर्थ. उच्चार कठोर ‘ग’चा. इंग्रजांच्या घरात त्याची चुलत भावंडे होतीच. आता हा सुटा, सुटसुटीत भाऊ दारात उभा राहिला आणि घरचाच होऊन गेला. तेराव्या शतकापासून इंग्रजी लिखाणात तो दिसू लागतो. पुढे त्याच्याच वळणाने ‘फॉरयिएतन’चाही ‘फर्गेट’ झाला. चौदाव्या शतकात चॉसर कवी मात्र ‘य’कारी रूप लिहीतच होता.

हा एकच शब्द आला असे समजू नका. इंग्रजीतले आकाश, सुरी, अंडे, कायदा यांचे शब्द त्याच घरचे. ‘विंडो’ म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. ‘हजबंड’ म्हणजे घरधनी. इतकेच काय, ‘ते लोक’ या अर्थाचे ‘दे’ हे सर्वनामही तिकडचेच. आपल्या मराठीने फार्सीतून पुष्कळ शब्द घेतले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फार्सी शब्दांना पर्याय दिले. तरी घरातला ‘खर्च’ आणि रानातली ‘जमीन’ हलली नाही. गावाच्या नावापुढचे ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ही हलले नाहीत. पण ‘तो, ती, ते’ ही सर्वनामे आपण फार्सीतून घेतली नाहीत. परक्याचे सर्वनाम सहसा कोणी घेत नाही. ते इंग्रजांनी घेतले, यावरून चुलीपर्यंत किती जवळीक झाली असेल ते ओळखावे.

ही सरमिसळ एका दिवसात झाली नाही. १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घालणारा इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन, याने १४९० साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक मजेदार हकिकत दिली आहे. टेम्स नदीत वाऱ्याची वाट पाहत अडकलेले काही व्यापारी किनाऱ्यावर उतरले. एकाने एका घरधनिणीकडे अंडी मागितली आणि शब्द वापरला ‘एग्ज’. ती बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही! व्यापारी रागावला, फ्रेंच त्यालाही येत नव्हते. तेवढ्यात दुसऱ्याने ‘आयरेन’ हा जुना शब्द वापरला, तेव्हा कुठे बाईला उलगडा झाला. उत्तरेकडून आलेला शब्द आणि घरचा शब्द सहाशे वर्षांनंतरही असे समोरासमोर उभे होते. पुढे ‘आयरेन’ मागे पडला आणि ‘एग्ज’ राहिला.

मधल्या काळात आणखी एक स्थित्यंतर झाले होते. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडचा राजा झाला आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अक्वायर’ हे भारदस्त शब्द पुढे फ्रेंच आणि लॅटिनच्या वाटेने आले. तेव्हापासून इंग्रजीत मिळण्याच्या दोन पायऱ्या झाल्या. आपल्याकडेही तसेच नाही का? कचेरीच्या कागदात ‘आपले पत्र प्राप्त झाले’ असते. आई मात्र लेकाला लिहिते, ‘तुझं पत्र मिळालं.’ ‘ऑब्टेन’ म्हणजे प्राप्त होणे. ‘गेट’ म्हणजे मिळणे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्रज पंतोजींना हा घरगुती शब्द खटकू लागला. ‘गेट’ हा आळशी माणसाचा शब्द, तो होता होईतो टाळावा, अशी शिकवण शाळांतून रूढ झाली. लोकांनी ती ऐकली, मान डोलावली आणि घरी जाऊन पूर्वीसारखेच बोलले.

आता अर्थांकडे येऊ. मुळातली कल्पना एकच: हातात धरणे. भाषापंडितांनी या शब्दाचे मूळ फार प्राचीन अशा ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूपर्यंत नेले आहे. लॅटिनमधला ‘प्रेहेंदेरे’, म्हणजे पकडणे, त्याच धातूचा. आणि त्यावरून इंग्रजीत आलेला ‘कॉम्प्रिहेंड’, म्हणजे समजणे, हा ‘गेट’चा दूरचा नातलग. जुन्या इंग्रजीतले ‘ऑनयिएतन’ म्हणजेही समजणेच. आजचा इंग्रजी बोलणारा मुलगा गणित सुटताच ‘आय गेट इट’ म्हणतो. आपणही म्हणतो, अर्थ ग्रहण केला. आणि संस्कृतात ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे. दोन शब्दांचे रक्ताचे नाते नाही, पण माणसाचे मन दोन्हीकडे एकाच वाटेने चालले. उलट, ‘फर्गेट’मधला ‘फर’ हा दुरावल्याची, गमावल्याची खूण आहे. हातात धरलेले सुटले, म्हणजे विसरले. हे एकदा सांगितले, की मुले ‘फर्गेट’ सहसा विसरत नाहीत.

पकडण्यातून मिळवणे आले. मिळवण्यातून पोचणे आले, कारण जागा गाठणे म्हणजे ती मिळवणेच. ‘गेट अप’, ‘गेट डाउन’, ‘गेट इन’ यांत दिशा सांगणारा शब्द जोडला आहे: स्वतःला वर नेणे, खाली नेणे, आत नेणे. जागेवरून गोष्ट अवस्थेवर गेली. माणूस गावाला पोचतो, तसा तो म्हातारपणालाही पोचतो. म्हणून सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘होणे’ हा अर्थ रुळू लागला. अंधार होतो, थंडी होते, राग येतो, सगळीकडे ‘गेट’. ‘मी मिळवले आहे’ याचाच कालांतराने ‘माझ्यापाशी आहे’ असा अर्थ झाला, तो ‘हॅव गॉट’. आणि एकोणिसाव्या शतकात त्यातूनच ‘करणे भाग आहे’ या अर्थाचे ‘हॅव गॉट टु’ वापरात आले. म्हणजे अर्थ पुष्कळ असले, तरी ते एकाच वेलीला आलेले आहेत.

या शब्दाचे एक जुने रूप तर समुद्रापार जाऊन टिकले. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतकरी अमेरिकेत गेले, तेव्हा ‘गॉटन’ हे रूप त्यांच्या तोंडी होते. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ते आढळते. पुढे इंग्लंडात ते मागे पडून ‘गॉट’ उरले. अमेरिकेत ‘गॉटन’ आजही चालते. तेव्हा एखाद्या मुलाने ‘गॉटन’ लिहिले, तर त्यावर लाल रेघ मारण्यापूर्वी शिक्षकांनी थोडे थांबावे. तिकडे आइसलँडमध्ये मूळ ‘गेता’ अजून नांदतो आहे. तिथे त्याचा नेहमीचा अर्थ ‘शकणे’ असा झाला आहे.

आता कोणी म्हणेल, एका शब्दाला इतके अर्थ, ही इंग्रजीचीच खोड! तर मग आपले ‘लागणे’ पाहा. ठेच लागते, भूक लागते, आग लागते. वाटेत गाव लागते. मुलाला नोकरी लागते. आंबा गोड लागतो. पोर रडू लागते. आणि ‘मला जावं लागतं’ म्हणताना हेच क्रियापद सक्तीचे होते, अगदी ‘हॅव गॉट टु’सारखे! मूळ अर्थ चिकटणे, एवढाच. तीच गोष्ट ‘घेणे’ची. केस कापून घेतले, विहीर खणून घेतली. इथे इंग्रज ‘गेट’ वापरतो, आपण ‘घेणे’ वापरतो. ‘लागणे’चे हे सगळे अर्थ आपल्या मुलाला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच येत असतात. त्याला ते कोणी पाठ करायला लावलेले नसतात.

म्हणून शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. ‘गेट’चे वीस अर्थ फळ्यावर लिहून देण्याआधी, ‘लागणे’ची दहा वाक्ये मुलांकडूनच काढून घ्या. मग त्यांना सांगा, की इंग्रजांच्या पोरांनाही असेच एक क्रियापद आहे, आणि ते त्यांच्या पूर्वजांनी राजाकडून किंवा पंडिताकडून नव्हे, तर शेजारच्या शेतकऱ्याकडून घेतले; तो शेतकरी एके काळी त्यांचा वैरी होता. एवढे कळले, की खेड्यातले मूल इंग्रजीपुढे मान खाली घालणार नाही. चुकेल, पण बोलेल.