एका पेशीची लांबी आणि आपल्या खानदेशचा इतिहास

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. अंगात सुती टी-शर्ट असेल तर त्याच्या कडेचा एखादा सुटलेला दोरा ओढा आणि नखाने त्याचा पीळ उलगडा. केसाहून बारीक तंतू दिसतील. त्यातला एकेक तंतू म्हणजे एकेक पेशी. पेशींची माळ नाही हां, अख्खा तंतू एकच पेशी.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्रावलो होतो. शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलंय : मुळावरची केसासारखी पेशी पाणी शोषते म्हणून लांबट, पानावरच्या रक्षक पेशी छिद्र उघडतात-मिटतात, तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नाही कारण ऑक्सिजन वाहायला जागा हवी. पेशीचा आकार तिच्या कामावर ठरतो, एवढं लिहिलं की दोन मार्क. पण मी फैजपूरचा पोरगा. ज्या पेशीवर आमचं घर चाललं, ती मला कॉलेज संपल्यावर कळली.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, कापूस बघायची त्यांची एक पद्धत होती. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे, पुन्हा जुळवायचे, पुन्हा ओढायचे. तंतू सरळ झाले की बोटावर ठेवून लांबी बघायचे आणि म्हणायचे, "चांगला आहे, भाव भेटेल." आप्पा तेव्हा पेशीची लांबी मोजत होते. आणि याच लांबीसाठी गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं आपल्याकडे काय काय घडलं, ते आज सांगतो.

आधी ही पेशी समजून घेऊ. कपाशीचं फूल उमलतं त्याच दिवशी आत तयार होणाऱ्या बियांच्या, म्हणजे सरकीच्या, सालीवरच्या काही पेशी फुगायला लागतात. सगळ्या नाही, काहीच. पुढचे साधारण तीन आठवडे त्या नुसत्या लांब होत जातात. मग लांबी थांबते आणि आतून भिंत जाड व्हायला लागते, सेल्युलोजचा थरावर थर. शेवटी तंतूचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग सेल्युलोजच असतो. बोंड फुटलं की पेशी वाळते, मरते, आतली पोकळी बसते आणि नळीसारखी पेशी चपटी होऊन फितीसारखी पिळली जाते. हा पीळच महत्त्वाचा. त्याच्यामुळे तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघतं.

आता माप बघा. अमेरिकन जातीच्या कपाशीचा तंतू साधारण 25 ते 30 मिलिमीटर लांब आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. म्हणजे एक मीटर रुंदीची पायवाट सव्वा किलोमीटर लांब असावी, तसं.

आपली देशी कपाशी मात्र आखूड तंतूची, बऱ्याचदा 20 मिलिमीटरच्या आतबाहेर. जात वेगळी, गुणसूत्रं 26. अमेरिकनची 52. भारतीय उपखंडात कापूस काही हजार वर्षं जुना आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगडला तांब्याच्या मण्यात अडकलेले सुताचे धागे सापडले, ते सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे. एवढी वर्षं आखूड तंतूने कुणाचं अडलं नाही, कारण कातणारी होती माणसाची बोटं. तंतू आखूड असला तर बोटं पीळ वाढवतात, ओढ कमी करतात. ढाक्याची मलमलसुद्धा आखूड तंतूच्या कापसाचीच होती.

अडलं ते यंत्राचं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या लांब कापसावर बेतलेल्या होत्या. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली आणि तिकडचा कापूस बंद. गिरणीवाल्यांची नजर वळली भारताकडे. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली होती, त्यामुळे खानदेशचा कापूस सरळ मुंबईला जायला लागला.

पण तिकडे या कापसाला नाव पडलं 'सुरत', आणि ते नाव शिवीसारखं वापरलं जायचं. मालात कचरा होता, भेसळ होती, हे खरंच. 1863 मध्ये मुंबई सरकारने भेसळीविरुद्ध कायदाही केला. पण कचरा काढल्यावरही तंतू आखूडच राहायचा. यंत्रावर सूत सारखं तुटायचं आणि कामगारांना मजुरी मिळायची मालाच्या मापावर. म्हणजे आपल्या शेतातली पेशी काही मिलिमीटर कमी पडली आणि हजारो मैलांवरच्या गिरणी कामगाराच्या पोटाला चिमटा बसला. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत व्यापारी आणि बँका बुडाल्या. शेतकऱ्याच्या हातात राहिलं तेजीत काढलेलं कर्ज.

तेव्हापासून सरकारचा एकच ध्यास : लांब तंतू. कधी अमेरिकन बी, कधी हिंगणघाटचं बी. शेतकरी मात्र परत परत आखूड जातीकडे वळायचा. लोक त्याला अडाणी म्हणायचे. पण त्याचा हिशोब सरळ होता : कमी पाण्यात टिकते, किडीला दाद देत नाही, सरकी काढल्यावर रुईचा उतारा जास्त पडतो. त्याच्या शेतासाठी तीच पेशी योग्य होती.

आता या. 1936 चा डिसेंबर, आपलं फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबू आणि गावातल्याच साहित्यातून नगर सजवलं ते नंदलाल बोस यांनी, आणि धनाजी नाना चौधरींसारखी इथली माणसं राबली. सोबत खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं. आपण खादीकडे फक्त राजकारण म्हणून बघतो. पण जरा विचार करा, चरखा म्हणजे आखूड तंतू चालवून घेणारं यंत्र. गिरणी म्हणत होती, पेशी माझ्यासारखी बदला. चरखा म्हणत होता, पेशी आहे तशी आण.

जिंकली अर्थात गिरणी. 1970 मध्ये सी. टी. पटेल यांनी 'संकर-4' आणला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. कुठे? सुरतला! शिवी झालेल्या त्याच नावाच्या गावात. मग 2002 ला बीटी कापूस आला, आणि इथे गोष्टीत दुसरी एक पेशी येते, बोंडअळीच्या आतड्यातली. तिच्या टोकाला बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात, अन्न जास्तीत जास्त शोषण्यासाठी. बीटीचं प्रथिन बरोबर त्याच पेशीला जाऊन चिकटतं, तिला भोकं पाडतं, पेशी फुटते, अळी मरते. काही वर्षं हे मस्त चाललं. मग गुलाबी बोंडअळीत असे वंश वाढले, ज्यांच्या पेशीवरची ती चिकटण्याची जागाच बदललेली होती. किल्ली तीच, कुलूप वेगळं.

2017 ला महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. आमचाही. बोंड वरून धडधाकट, फोडलं की आत अळी आणि पिवळी पडलेली रुई. आप्पांनी त्यातलीच चिमूट घेऊन सवयीने ओढली. तंतू मध्येच तुटला. काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्या वावरात केळी लागली, आजही केळीच आहे.

मी कोड लिहितो, त्यामुळे मला 'कामाला अनुरूप' हा शब्द ऐकला की लगेच प्रश्न पडतो : काम कुणी ठरवलं? जंगली कपाशीच्या सरकीवर नुसती आखूड लव असते, झाडाला तेवढी पुरते. लांबी माणसाने मागितली. आधी कातणाऱ्या बोटांनी, मग लँकेशायरने, मग बाजाराने. प्रत्येकाला पेशी आपल्या कामाची हवी होती, आणि ती तशी होईपर्यंतची जोखीम प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्या वावरात राहिली. आज देशी कपाशीचे लांब तंतूचे वाण तयार करण्याचं काम आपल्या कृषी विद्यापीठांत चालू आहे. यावेळी निवड करताना शेताचं कामही मोजलं जावं, एवढंच मला वाटतं.

तो टी-शर्टचा दोरा अजून हातात असेल तर टाकू नका. घरात कुणी कापूस पिकवलेला असेल तर त्यांना दाखवा आणि विचारा, लांबी कशी बघायचे. बहुतेक ते बोलायच्या आधी अंगठे जुळवतील.

भेटू पुढच्या भागात. राम राम!